पाण्याला भिणाऱ्या बटा

उकळलेले जवस गरम असतानाच गाळावे लागतात. जरा थंड होऊ दिले की त्यांचा तो बुळबुळीत रस बियांना सोडायला तयार होत नाही आणि सगळं पातेलं टाकून द्यावं लागतं. बेंगळूरला, बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा एकटीने हा उद्योग केला तेव्हा मध्येच ऑफिसचा फोन आला. परत येऊन बघते तर पातेल्यात एक थरथरणारा गोळा. "अय्यो, गॅसवर अगशी ठेवून कुणी फोनवर बोलत बसतं होय!" मी मोठ्याने म्हणाले. घरात दुसरं कुणी नव्हतं. आवाज माझा होता, बोलणं अक्कांचं; जवसाला अगशी त्याच म्हणायच्या.

अक्का म्हणजे बसवनगुडीतल्या माझ्या घरमालकीणबाई. बेळ्ळंदूरला येण्याआधी त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत मी राहत होते. अक्कांचं माहेर धारवाडचं, सासर बेंगळूरचं; घरात मराठी आणि फाटकाबाहेर कन्नड. साठी उलटलेली, अंगाने काटकुळ्या, इरकलीच्या साध्या साड्या. आणि त्या एवढ्याशा चेहऱ्याभोवती केसांचं मोठं थोरलं कुरळं छत्र. गल्लीत दुसऱ्याही अक्का होत्या, म्हणून भाजीवाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळे यांना 'कुरळ्या अक्का' म्हणत. त्यांना ते फार आवडायचं. आवडत नसल्यासारखं तोंड करायच्या, पण आवडायचं.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नोकरी कुठे, गाव कुठलं, काही विचारलं नाही. चष्मा नाकावर खाली ओढला आणि माझ्या कानशिलाजवळ इतक्या जवळून बघायला लागल्या की मी एक पाऊल मागे सरकले.

"हे इथं बारीक बारीक वेटोळी येतायत," त्या म्हणाल्या. "आणि खाली सगळं सरळ. जाळतीस होय?"

मी केस कानामागे सारले.

"रोज?"

"रोज."

"वास येत असेल की गं. ये, खोली बघ."

माझे केस जन्मापासून कुरळे. पुण्याच्या आमच्या इंग्रजी शाळेत मला नूडल्स म्हणायचे. आई तेल चोपडून वेण्या इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे, आणि दुपारपर्यंत कपाळावर सगळं पुन्हा उभं राहायचं. नोकरी लागल्यावर मी केस सरळ करायचं यंत्र घेतलं आणि प्रश्न मिटवून टाकला. आधी ज्या पीजीत होते तिथे बाकीच्या मुली उठायच्या आत बाथरूममध्ये जाऊन केस सरळ करून बाहेर यायचे. माझे खरे केस कसे आहेत हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मी केसांबद्दल कुणाशी बोलत नसे. तसं मी कशाबद्दलच फार बोलत नसे.

भाडेकरूसाठी त्या घरात दोन प्रकारचे नियम होते. एक प्रकार वन्संचा. वन्सं म्हणजे अक्कांच्या नणंदबाई. घर अर्धं त्यांच्या नावावर होतं. राहायच्या राजाजीनगरला, पण लक्ष असायचं. त्यांचे नियम सरळ होते: अंडं नाही, मांस नाही, मित्र नाहीत. दुसरा प्रकार अक्कांचा. कोरड्या केसांना कंगवा लावायचा नाही. कंगवा न्हाणीघराच्या बाहेर आणायचा नाही. टॉवेल डोक्याला गुंडाळायचा नाही.

"कोरड्या केसात कंगवा घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाला लाथ मारून उठवणं," त्या म्हणायच्या. गुंता सोडवायचा तो न्हाताना, बोटांनी, आणि खालून वर. केस पुसायला टॉवेलऐवजी त्यांच्या यजमानांचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन होता. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, बनियन मात्र रोज वापरात. "पिळायचं नाही. वर उचलायचं आणि मुठीत दाबायचं. लाडू वळतो तसं, पण लाडू न वळता."

केस वाळेपर्यंत त्या कुणाला तोंड दाखवत नसत. पंखा बंद. कुरिअरवाला आला तरी दाराआडून "स्वल्प इरी!" म्हणून त्याला थांब सांगायच्या आणि खिडकीतून फक्त हात बाहेर काढायच्या. पोस्टमन तर त्या हातालाच नमस्कार करायचा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडत. सांबार ढवळताना डोकं मागे टाकून, हात लांब करून ढवळायच्या, जणू पातेल्यात साप आहे. छत्री बारा महिने बरोबर. प्रवासाला जाताना जुन्या रेशमी साडीची शिवलेली उशीची खोळ पिशवीत पहिली जायची. नातेवाइकांकडे लग्नाला गेल्या तरी तीच खोळ. "सुती खोळ केस खाते" असं त्या एखाद्या ढेकणाबद्दल सांगावं तसं सांगायच्या.

आणि कुणी केसांबद्दल विचारलं की एकच उत्तर, मान किंचित वळवून: "मी काही लावत नाही हो. नुसतं पाणी. देवानंच दिलेत."

माझ्या यंत्राला त्या इस्त्री म्हणत. घरातलं वायरिंग जुनं. गिझर आणि इस्त्री एकदम चालू झाली की फ्यूज उडायचा. सकाळी अंधार झाला की माजघरातून हाक यायची, "झाली का गं कपड्यांची घडी?" मग फ्यूजची तार बदलताना शेजारी उभ्या राहून पुटपुटायच्या. "लोक पैसे मोजून कुरळे करून घेतात. ही बघा, आहेत ते सरळ करत बसलीय." मला वाटायचं ती आपली बोलायची पद्धत.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. अक्कांचं केसांचं छत्र पुढून आणि बाजूने भरगच्च, पण मागे, मानेच्या वर, थोडंसं चपटं. जिथे आरशात दिसत नाही तिथे. मी बघून ठेवलं आणि गप्प बसले.

एका रविवारी सकाळी दूध द्यायला त्यांच्या खोलीचं दार ढकललं तर पलंगावर एक अनोळखी बाई बसलेली. केस ओले, करडे, सुतासारखे सरळ, खांद्यापर्यंत लोंबणारे. चेहरा एकदम लहान. मांडीवर जुन्या साडीच्या फाडलेल्या चिंध्या. मी "सॉरी" म्हणून वळणार तेवढ्यात ती बाई अक्कांच्या आवाजात म्हणाली, "आत ये आणि दार लाव."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा बघायला येणार होता त्याच्या आदल्या दिवशी बेंगळूरच्या मावशीने त्यांना शिवाजीनगरकडच्या एका पार्लरमध्ये नेलं. गंमत म्हणून पर्म करून आणलं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, आमच्या घरात सगळ्यांचे केस सरळसोट, एक तरी कुरळी सून हवीच होती मला. लग्न ठरलं.

"आता सांग, तिथं कसं सांगायचं? आणि एकदा नाही सांगितलं की मग केव्हा सांगायचं?"

मग मावशीला भेटायला म्हणून जायचं आणि पर्म करून यायचं. वर्षानुवर्षं. त्या औषधाने एकदा टाळू भाजली, फोड आले. डॉक्टरांनी पुन्हा लावायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून चिंध्या. ओलसर केसांना जवसाची खळ लावायची, एकेक बट चिंधीवर गुंडाळून गाठ मारायची आणि तसंच झोपायचं. सकाळी सोडलं की बटा. पण पाणी लागलं की संपलं.

"आणि कुणालाच माहीत नाही?"

"यांना होतं की. एका खोलीत राहून माहीत नसणार होय? मागच्या बटा हेच बांधायचे. बँकेतनं आले, चहा घेतला, की बांधायला बसायचे." त्यांनी मानेमागे हात फिरवला. "आता मागचं मला नीट येत नाही. दिसतं का गं?"

"थोडंसं," मी म्हणाले.

"वाटलंच. तू बघून ठेवलं असशील. तू सगळं बघतीस आणि बोलत काही नाहीस. बस, धर ही चिंधी."

त्या दिवसापासून मागच्या बटा मी बांधायला लागले. मला आधी जमायचं नाही. गाठी सुटायच्या, आणि अक्का एका बाजूला मेंढी आणि एका बाजूला ससा होऊन उठायच्या. मग जमलं. बट फार जाड घ्यायची नाही, टोक आत दुमडायचं, ताण द्यायचा पण कातडी ओढायची नाही. माझ्या हातात कुणाचं डोकं कधी आलं नव्हतं. बांधता बांधता त्या बोलायच्या, मीही कधीमधी बोलायचे. चेहरा समोर नसला की मला बोलायला सोपं जातं हे मला तिथे कळलं. शेवटी त्या दर वेळी म्हणायच्या, "ये, आता तुझे करून देते. तुझ्या केसांना चिंधीही नको, नुसती खळ पुरे." मी दर वेळी नको म्हणायचे. त्यांनी कधी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

घरच्या मंडळींत त्या कुरळ्या केसांवर बरीच मोठी इमारत उभी राहिली होती. अक्कांच्या मुलाचे केस सरळ निघाले, तेव्हा तो बापावर गेला असं ठरलं. आणि वन्संच्या धाकट्या नातवाचे केस कुरळे निघाले तेव्हा सगळे म्हणाले, वहिनींवर गेला. वहिनींचं आणि त्या पोराचं रक्ताचं नातं नव्हतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. वन्सं त्याला पुढे करून अभिमानाने सांगायच्या, "आमच्या वहिनींचे केस!" अक्का त्या पोराला जवळ घेऊन शांतपणे बेसनाचा लाडू द्यायच्या.

श्रावणातल्या शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या. अशाच एका शुक्रवारच्या आदल्या दिवशी आम्ही खास वेळ काढून बटा बांधल्या होत्या, मागच्या तर इतक्या चांगल्या झाल्या की सकाळी आरसा पाठीमागे धरून मी त्यांना दाखवल्या. उरलेली खळ वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवली होती. वन्सं सकाळीच मदतीला आल्या. मी घरूनच काम करत होते. व्हिडिओ मीटिंग होती म्हणून केस सरळ केलेले. चहा घ्यायला आत गेले तेव्हा अक्का गॅसपाशी पुरण घोटत होत्या आणि वन्सं दूध काढायला फ्रिज उघडून उभ्या होत्या.

"वहिनी, हे काय आहे?"

त्यांच्या हातात ती वाटी. त्यांनी चमचा बुडवून वर उचलला. पारदर्शक, पांढरट, लांबच लांब तार.

"अंडं!" वन्संचा आवाज चढला. "पांढरं काढून ठेवलंय! या फ्रिजमध्ये! श्रावणात, शुक्रवारी, पुरणाच्या दुधाशेजारी!"

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तूच ना?"

मी उभी राहिले. नाही म्हणायचं तर मग कुणाचं, हा प्रश्न येणार होता. आणि त्याचं उत्तर माझं नव्हतं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"बघा, तोंडातून शब्द नाही. मी सांगितलं होतं वहिनी, बाहेरच्या पोरी ठेवू नका. काय गं, तुला नियम सांगितले होते की नाही? खोली रिकामी कर. आजच. घर माझ्याही नावावर आहे."

मला आठवतं, त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर माझ्या खोलीच्या खिडकीतला पडदा येत होता. तेवढं एकच घर होतं त्या शहरात जिथे मी पहाटे चोरून उठत नव्हते. आता पुन्हा कुठली तरी पीजी, पुन्हा कुठलं तरी बाथरूम. पुण्याला आईला काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवायला लागले होते.

अक्कांनी गॅस बंद केला.

"वन्सं, ते माझं आहे."

"तुमचं? अंडं?"

"अंडं नव्हे, अगशी. उकडून गाळलेली. केसांना लावते मी." त्यांनी चमचा घेतला आणि खळ तोंडात घातली. "हे बघा. अंडं असतं तर खाल्लं असतं का?"

वन्संनी मान हलवली. "पाठीशी घालू नका वहिनी. मला काय तुम्ही आज भेटताय? उभ्या जन्मात केसांना पाण्याशिवाय काही लावलं नाही, सगळ्या गावाला सांगता. आणि आज एका पोरीसाठी खोटं बोलताय. देवाच्या दिवशी."

इतकी वर्षं मान वळवून सांगितलेलं वाक्य आता त्यांच्याच वाटेत येऊन उभं राहिलं होतं. मी अक्कांकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता त्या गप्प बसतील, आणि मी त्यांना दोष दिला नसता.

अक्का मागच्या दारातून परसात गेल्या. धुणं धुवायच्या दगडाशी नळ होता. त्यांनी पदर खोचला, वाकल्या आणि डोकं नळाखाली धरलं.

पाणी बराच वेळ वाहत होतं. वन्सं दारात, मी त्यांच्या मागे. अक्का उठल्या, दोन्ही हातांनी केस मागे सारले आणि आत आल्या. करडे, सरळ, लोंबणारे केस. साडीवरून ओघळणारं पाणी. बटा कुठेच नव्हत्या.

"हे माझे," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधीपासून असेच आहेत. ते कुरळे पार्लरचे होते, नंतर अगशीचे. ही पोरगी मागच्या बटा बांधून देते, म्हणून तिला माहीत. आणि तिनं सांगितलं नाही. घालवायची असेल तर मलाही घालवा."

वन्सं स्टुलावर बसल्या. कितीतरी वेळ त्या वहिनींच्या डोक्याकडे बघत होत्या. हातातली वाटी तशीच. शेवटी त्यांनी विचारलं ते एवढंच,

"मग आमच्या नातवाचे केस कुणावर गेले?"

"तुमच्या विहीणबाईंवर. एकदा अंबाडा सोडून बघायला सांगा की त्यांना. तुम्ही कधी नीट बघितलंच नाही."

हसू मला आधी आलं. तोंडावर हात ठेवून मी हसले, मग अक्का हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. पण त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, पदराचा शेव पुढे करून अक्कांचं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "पुरण घट्ट होतंय. बघा ते." खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण संध्याकाळ अजून यायची होती. बटा बांधायला आणि वाळायला रात्र लागते. एवढा वेळ नव्हता. वन्संनी सुचवलं, डोक्यावरून पदर घ्या, बरं नाही म्हणून सांगा. अक्कांनी ऐकून घेतलं आणि केसांचा एवढासा अंबाडा बांधला. मान एकदम उघडी, बारीक दिसत होती. आरशासमोर त्या जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. ज्या गल्लीने त्यांना केसांवरून नाव दिलं होतं ती सगळी गल्ली थोड्या वेळात दारात येणार होती. आणि हे सगळं भाड्याच्या खोलीतल्या, पुढच्या वर्षी असेन की नसेन अशा माझ्यासारखीसाठी. माझ्यासाठी कुणी इतकं काही दिलेलं नाही, आणि देताना इतका कमी गाजावाजा केलेला तर मी बघितलेलाच नाही. बऱ्याच गोष्टींसाठी मी अक्कांचे आभार मानू शकले असते. मला तेव्हा तोंडाने काहीच म्हणता आलं नाही.

मी न्हाऊन आले. ओल्या केसांनी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि ती वाटी त्यांच्या हातात दिली.

अक्कांनी खळ तळहातावर घेतली, दोन्ही हातांना चोळली आणि माझ्या केसांत बोटं घातली. शाळेनंतर माझ्या केसांना कुणी हात लावला नव्हता. त्या बटा एकेक करून वेगळ्या करत होत्या, मुठीत उचलून दाबत होत्या. "टोकं जळलीत. ती सरळच राहणार. हळूहळू कापून टाकू," त्या म्हणाल्या. आणि मग बऱ्याच वेळाने, "केवढे केस आहेत गं तुझे."

पहिल्या आल्या त्या समोरच्या काकू. अक्कांकडे बघून दारातच थबकल्या. "अय्यो, अक्का! केसांना काय झालं?"

"काही नाही. हे असेच आहेत. आधीचे बांधलेले असायचे," अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. आवाज नेहमीचा होता. काकूंच्या मागून आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वन्सं घाईघाईने दुधाचे पेले भरायला लागल्या, भरलेल्या पेल्यातही दूध ओतू लागल्या.

मी फुटाण्यांची ताटली घेऊन भिंतीपाशी उभी होते. काकूंनी अक्कांवरची नजर काढून घेतली, ती जाऊन पडली माझ्यावर. त्यांनी जवळ येऊन माझी एक बट बोटावर घेतली.

"आणि हिचे? हिचे तर सरळ होते. कुठल्या पार्लरमध्ये केलेस गं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"केले नाहीत," मी म्हणाले. "माझेच आहेत."

"काय म्हणाली?" मागून कुणीतरी विचारलं.

"मोठ्याने सांग की," अक्का कुंकवाचा करंडा हातात धरून म्हणाल्या. "त्यांना ऐकू आलं नाही."

मग मी मोठ्याने सांगितलं.